आक्कांच्या हातातला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पाय, धरायला दोन मुठी, आणि अंगावर पोचे इतके की भंगारवालासुद्धा मला घेताना विचार करील. मी लोकांना चालवतो. मला स्वतःला मात्र एक पाऊल टाकता येत नाही, कुणीतरी उचलून पुढे ठेवावं लागतं.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरात झाला. तेवीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या बाळाबाईंचे यजमान जिन्यावरून पडले आणि त्यांची मांडी मोडली. शेजारचे सिकंदरचाचा वेल्डिंग करायचे. त्यांनी शेडमध्ये उरलेल्या नळ्या वाकवून मला उभं केलं. यजमान चार महिन्यांत हिंडूफिरू लागले आणि मी कोपऱ्यात गेलो. पण बाळाबाईंना वस्तू नुसती पडून राहिलेली खपत नसे. त्यांनी मला उचललं आणि कंबर मोडलेल्या धोंडुबाईंच्या घरी नेऊन ठेवलं. गल्लीचं ‘शेजार मंडळ’ सुरू झालं ते तिथून. पुढे पलंग आले, हवेच्या गाद्या आल्या, आणखी वॉकर आले. बाळाबाई साऱ्या पेठेच्या आक्का झाल्या.

मंडळाचा नियम साधा होता. वस्तू दोन महिने वापरायची, बरं वाटलं की परत करायची. पण आपणहून कोण परत करतो? माणसं वाईट नसतात, त्यांना पुन्हा पडायची धास्ती असते. मग आक्का घरी जाऊन बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि म्हणायच्या, “घशाला कोरड पडलीया. वाईच पाणी आणा की.” भिडेखातर पेशंट स्वतःच उठायचा आणि तांब्या घेऊन यायचा. मी खाटेजवळच राहिलेला असायचो! “आलं की चालायला,” असं म्हणून आक्का मला काखोटीला मारायच्या. माझ्या डोळ्यांदेखत तीसेक जण असे सापडले. रागावलं कुणी नाही.

गेल्या दिवाळीनंतर आक्कांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी वहीत सही करून मला घरी नेलं. त्याच आठवड्यात मंडळाच्या किल्ल्या सिकंदरचाचांची सून नाजिया हिच्या हाती दिल्या. शाल झाली, नारळ झाला. “आजपास्नं नाजिया म्हणंल तसं,” असं आक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

पुढच्या सोमवारी दहाच्या ठोक्याला त्या मला घेऊन मंडळात हजर! मग रोजच. नाजियानं एकाला गादी दिली, तर आक्कांनी फोन करून ती दुसऱ्याला द्यायला लावली. लोकही नाजियाला ओलांडून आक्कांनाच विचारू लागले. एकदा नाजियानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दाराकडे दोन पावलं गेली आणि परत येऊन उचलल्या. मी ते पाहिलं. आक्कांनी पाहिलं नाही. पोरगी सोडून गेली तर मंडळाला कुलूप लागेल, हे मला कळत होतं. पण वॉकरला विचारतो कोण?

अशात दूधवाल्या ज्ञानूच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सगळे वॉकर बाहेर गेलेले. माझी मुदत संपून तीन महिने झालेले.

एका दुपारी नाजिया आक्कांच्या घरी आली. बसली. गुडघ्याची चौकशी केली. मग पदरानं कपाळ पुसत म्हणाली, “आक्का, वाईच पाणी आणा की.”

आक्का उठल्या, आत गेल्या, तांब्या भरून घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेला टेकून उभा होतो.

“माझीच युक्ती माझ्यावर व्हय गं?”

“तुमीच शिकिवलं की. ज्ञानू पंधरा दिस खाटंवर हाय.”

आक्कांनी तांब्या नाजियाच्या पुढ्यात ठेवला. “पाय बरं हायत माझं. पर ह्यो दिला, की मला तिकडं यायला निमित्त काय?”

“निमित्त न्हाईच,” नाजिया म्हणाली. “तुमी रोज येऊ नका, आक्का. मी बोलवीन तवा या.”

मला आक्कांची फार दया आली, खोटं कशाला सांगू? तेवीस वर्षं ज्या दारात त्या बसल्या, ते दार मिटत होतं. मग त्यांनी माझा एक पाय उचलून पाहिला आणि त्या म्हणाल्या, “त्येचं रबर झिजलंय. बदलून दे, न्हाईतर ज्ञानू घसरंल.”

“बदलतो,” नाजिया म्हणाली, आणि तिनं मला काखोटीला मारलं.

त्यानंतर दोन महिने आक्का मंडळात फिरकल्या नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र ज्ञानूच्या दारात चपला वाजल्या. आक्काच होत्या. नाजियानं बोलावून पाठवलं होतं. त्या खाटेशेजारी बसल्या, गाईम्हशींची विचारपूस केली आणि म्हणाल्या, “ज्ञानू, घशाला कोरड पडलीया.”

ज्ञानू उठला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागला.

मित्रांनो, गरज सरली की मला अडवून ठेवू नका, धुऊन पुसून पुढच्याला द्या. बाकी माझं मागणं काही नाही. आत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, तेव्हा मी खाटेजवळ एकटाच उभा होतो, आणि आक्का माझ्याकडे बघून हसत होत्या.