खडकामागचं पाणी

विश्वास खांबेट्यांना पाण्यातलं सगळं कळतं, हे तेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच प्रत्येकाला सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. रेल्वेत इंजिनियर, लखनौला बदली होऊन सतरा वर्षं झालेली, आणि काम नद्यांवरच्या पुलांचं. पुलाच्या खांबाभोवती पाणी कसं वळतं, कुठे खणतं, कुठे गाळ टाकतं, हे नव्या इंजिनियरांना शिकवायचं. सोसायटीची टाकी गळायला लागली की पहिलं बोलावणं त्यांना. माणूस वाईट नव्हता. फक्त आपणही चुकू शकतो, ही गोष्ट त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती.

लहानपण हर्णैला गेलेलं. लखनौत गोमती आहे, पण समुद्र नाही, आणि ही खंत त्यांना पन्नाशीनंतर फारच छळायला लागली. मग त्यांनी दिवाणखान्यातच समुद्र आणला. चार फुटी टँक, पिशवीतलं मीठ कालवून केलेलं खारं पाणी, नारंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी, एक निळा मासा आणि खडकांवर डोलणारी मऊ पोवळी. खडक त्यांनी स्वतः रचले, मागच्या काचेला टेकवून जवळजवळ वरपर्यंत, हर्णैच्या कड्यासारखे. पाणी खेळतं ठेवायला दोन पंप लावले आणि दोन्हींची तोंडं पुढच्या काचेकडे वळवली. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला पोवळी डोलताना दिसली पाहिजेत, एवढाच त्यामागचा विचार.

महाराष्ट्र मंडळातली माणसं यायची, पोहे खाता खाता टँककडे बघायची आणि म्हणायची, "काय प्रवाह ठेवलाय हो!" खांबेटे म्हणायचे, "त्यात काय?" आणि मग अर्धा तास त्यात काय ते सांगायचे.

टँकच्या मागे मात्र कुणी जात नसे. जायची ती एकटी कांचन.

कांचन सहा वर्षं त्यांच्याकडे झाडू-पोछा करत होती. खांबेटे ऑफिसला आणि त्यांची बायको प्रतिमा शाळेत शिकवायला गेली की सकाळचा माशांचा दाणाही तीच टाकायची. टँक आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून धूळ पुसायची. एका रविवारी तशीच फडकं हातात धरून ती म्हणाली, "साहब, इधर पीछे से बास आती है. सड़े अंडे जैसी. पत्थर के पीछे पानी खड़ा है, चलता ही नहीं."

खांबेटे पेपरातून मान वर काढून हसले. "कांचन, हमने घाघरा पर पुल बनवाए हैं. अब पानी हमको तुम सिखाओगी?"

तीही हसली. कामावरच्या बाईला साहेबांबरोबर हसावंच लागतं. हा किस्सा खांबेट्यांनी पुढच्या रविवारी मंडळातल्या लोकांनाही ऐकवला. सगळे हसले. प्रतिमा तेवढी न हसता चहाचे कप उचलत राहिली.

महिना उलटायच्या आत निळा मासा मेला. दोन पोवळी गळून पांढरी पडली. खांबेट्यांनी परीक्षानळीत टँकचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी हिरवीगार झाली. म्हणजे अमोनिया. घरात अमोनिया कशात असतो? खिडक्यांच्या काचा पुसायच्या निळ्या स्प्रेमध्ये. खिडक्या कोण पुसतं? कांचन. दोन मिनिटांत खटल्याचा निकाल लागला. आरोपीला बोलावलं ते निकालानंतर.

"टँक की काँच पर वो स्प्रे मारा तुमने?"

"नहीं साहब. ऊ तो खिड़की पर मारते हैं. टंकी सूखे कपड़े से पोंछते हैं, भाभी ही बताई थीं."

"तो हाथ में लगा रह गया होगा. उसी हाथ से दाना डाला."

कांचननं आपले हात वर करून पाहिले. "हाथ तो हम साबुन से धोते हैं," ती म्हणाली, पण आवाज आधीइतका ठाम राहिला नव्हता.

"अहो," प्रतिमा मराठीत म्हणाली, "नक्की माहीत नसताना कशाला बोलताय?"

"मला माहीत आहे."

त्याच दिवशी कांचनचं काम सुटलं. एवढ्यावर थांबते तर ते खांबेटे कसले! सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी हिंदीत निवेदन टाकलं. कांचन नावाच्या कामवालीनं निष्काळजीपणानं टँकमध्ये विष कालवलं, सर्वांनी आपापल्या घरात सावध राहावं. खाली भराभर अंगठे उमटले. पाण्यातल्या जाणकाराचा शब्द तो, कोण शंका घेणार? आठवड्याच्या आत त्याच सोसायटीतल्या आणखी तीन घरांनी कांचनला नको म्हणून सांगितलं. ती दोन ऑटो बदलून सरोजिनी नगरला कामाला जाते, असं प्रतिमाला भाजीवाल्याकडून कळलं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं. खांबेटे म्हणाले, "शिकेल त्यातून काहीतरी."

दीड महिना गेला. निळ्या स्प्रेची बाटली केव्हाच फेकून दिली होती. पाण्यात खांबेट्यांशिवाय कुणाचा हात जात नव्हता. आणि एका संध्याकाळी नारंगी जोडीतला एक मासा आडवा झालेला दिसला. नळी पुन्हा हिरवीगार.

खांबेट्यांनी आधी मिठाला दोष दिला. मग विजेला. मग हजरतगंजच्या ज्या दुकानातून मासे आणले होते तिथे जाऊन दुकानदारावर आवाज चढवला. तो लखनौचा माणूस, हात जोडून म्हणाला, "हुज़ूर, आप तो ख़ुद पानी के उस्ताद हैं, हम आपको क्या बताएँ?" खांबेट्यांना एरवी हे ऐकून बरं वाटलं असतं. त्या दिवशी ते सरळ मेट्रोत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नव्या तुकडीचा तास होता. त्यांनी फळ्यावर नेहमीप्रमाणे पुलाचा खांब काढला, नदीचे बाण काढले. "पुलावर उभं राहून पाणी बघू नका," हे वाक्य ते हिंदीतून दर तुकडीला ऐकवायचे. "वरून सगळं पाणी वाहतंच दिसतं. खाली उतरा, खांबाच्या मागे जा. तिथे पाणी मेलेलं असतं. नदी सगळा गाळ तिथे आणून टाकते." बोलता बोलता त्यांनी खांबामागे आडव्या रेघा मारून गाळ दाखवला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

फळ्यावरचा खांब त्यांना ओळखीचा वाटला. आपल्या दिवाणखान्यातला कडाच तो. आणि गेली दोन वर्षं आपण त्याचं पाणी सोफ्यावर बसून बघत होतो.

"सर?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"आज इतना ही," ते म्हणाले आणि तास अर्ध्यावर सोडून घरी निघाले.

घरी येऊन त्यांनी चिमूटभर दाणा टँकमध्ये टाकला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच भिंतीकडच्या फटीत डोकं घातलं. टॉर्च लावला. पंपांच्या झोताबरोबर दाणा पुढच्या काचेवर आपटला, वर उसळला, कड्याच्या माथ्यावरून मागे गेला आणि खडकामागे पोचल्यावर सरळ खाली बसला. पुन्हा हलला नाही. खाली बोटभर जाडीचा काळपट थर होता. दोन वर्षांचा दाणा, दोन वर्षांची विष्ठा; अमोनिया तिथूनच येत होता. त्यांनी वरचा एक खडक उचलला मात्र, बुडबुडे वर आले आणि सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला.

प्रतिमा नाकाला ओढणी लावून दारात उभी राहिली. "हीच का ती बास?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

खांबेटे गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. त्यांना लाज वाटली. चूक झाल्याची लाज वेगळी, ती माणूस दोन दिवसांत पचवतो. इथे त्यांना सांगितलं गेलं होतं. स्पष्ट शब्दांत, जागेसकट, वासासकट. त्यांनी ते विनोद म्हणून पाहुण्यांना वाढलं होतं.

टँक दुरुस्त करणं सोपं होतं. उरलेला मासा त्यांनी बादलीत काढला, गाळ नळीनं हळूहळू ओढून घेतला, पाणी टप्प्याटप्प्यानं बदललं. खडक मागच्या काचेपासून वीतभर पुढे घेतले आणि मध्ये भोकं राखून विरळ रचले. कड्याचा देखावा गेला. एक पंप मागच्या कोपऱ्यात खाली लावला, दुसरा समोरच्या कोपऱ्यात वर. आता टाकलेला दाणा खडकामागून वळसा घालून पुन्हा पुढे यायचा. दोन दिवसांचं काम, दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं की टँकच्या समस्येचं तांत्रिक कारण सापडलं आहे, पाण्याचं अभिसरण अपुरं होतं, धन्यवाद. पाठवण्याआधी त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

प्रतिमानं वाचलं. "तांत्रिक कारण म्हणजे कोण? तुम्हीच ना?"

खांबेट्यांनी फोन खाली घेतला.

"आणि यात कांचन कुठे आहे? विष कालवलं म्हणताना तिचं नाव होतं."

खांबेट्यांचे कान तापले. रागानं नव्हे. त्यांनी दुसरा मजकूर लिहायला घेतला आणि चार ओळींना त्यांना पाऊण तास लागला. कांचन का कोई दोष नहीं था. ग़लती मेरी थी. उसने मुझे पहले ही बताया था कि पत्थर के पीछे पानी खड़ा है. मैंने उसकी बात हँसी में उड़ा दी.

पाठवलं. बराच वेळ काहीच नाही. मग दोन अंगठे आले. तिसऱ्यानं विचारलं, सर, पंप कौन सा अच्छा रहेगा? बदनामीच्या वेळी भराभर उमटलेले अंगठे आता कुठे गेले, ते खांबेट्यांनी कुणाला विचारलं नाही.

रविवारी दुपारी ते कांचनच्या घरी गेले. तेलीबागेच्या बाजारामागच्या गल्लीत एक खोली, पुढे छोटं अंगण, अंगणात नळ. त्यांना पाहून ती दचकली. प्लास्टिकची खुर्ची आणून तिनं ती पदरानं पुसली. खांबेटे बसले नाहीत. सबंध वाटभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी निसटली.

"कांचन, तुम्हारी ग़लती नहीं थी. पीछे पानी सच में खड़ा था. सब वहीं सड़ रहा था. मैंने ग्रुप में भी लिख दिया है. मुझे माफ़ कर दो."

कांचननं विचारलं, "तो मछली हमसे नहीं मरी?"

"नहीं."

तिनं मोठा श्वास सोडला आणि उंबऱ्यावर बसली. दीड-दोन महिने उराशी बाळगलेलं काहीतरी तिनं खाली ठेवलं, हे खांबेट्यांना दिसलं. ते शिव्या खायच्या तयारीनं आले होते. याची तयारी त्यांनी केली नव्हती.

"उस दिन घर आके हम अपने हाथ सूँघे थे, साहब. बहुत बार. साबुन की ही महक आती थी. पर आप पानी के इतने बड़े जानकार, आप कह दिए, तो हमको लगा कि लगा ही रहा होगा. बिटिया को रोटी देते बखत भी पहले सूँघ लेते थे."

खांबेटे म्हणाले, "काम पर वापस आ जाओ."

"अब सरोजिनी नगर में लग गए हैं साहब. अच्छे लोग हैं." हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जास्तच लागलं. "बैठिए, चाय पीके जाइए."

ते बसले. कांचननं आत जाऊन चहा ठेवला. उकळी आल्यावर ती बाहेर आली, अंगणातल्या नळाखाली तिनं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटांपर्यंत, मग ओले हात क्षणभर त्यांच्यापुढे धरले, दोन्ही बाजूंनी, त्यांना दिसतील असे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग आत जाऊन तिनं कप आणला आणि खांबेट्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.