चार बोटं डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. वारंगा फाट्यावर उकंडराव मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथे टायरांच्या ढिगाशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर कुणी पाना ठेवतं, कुणी चहाचा कप. मला त्याचं काही वाटत नाही. थोडं वाटतं, पण ते असो.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला आणि मला एका पांढऱ्या अँबॅसिडर गाडीच्या पोटात बसवलं गेलं. इंजिनात ताकद असते, पण ती जशीच्या तशी चाकांना देऊन भागत नाही. चढावर सावकाश पण जोराने ढकलायचं आणि सपाटीवर हलकेच पळवायचं, हे जमवून आणतो तो गिअरबॉक्स. माझ्या पोटात लहानमोठी दातेरी चाकं आहेत. तुमचे दुधाचे दात पडले की नवे येतात. आमचा एक पडला की खेळ खलास.

आमच्या गाडीत गिअरचा दांडा खाली नव्हता. तो स्टिअरिंगलाच डाव्या अंगाला होता. त्यामुळे पुढे एकच लांब सलग सीट होती आणि तिच्यावर तीन माणसं ऐसपैस बसत. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

हिंगोलीच्या एका डॉक्टरांकडे मी वीस वर्षं काढली. १९९१ साली मोहनसिंगने गाडी घेतली. तो कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्याचा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य वाहिलं, हा माणसं वाहू लागला. वसमतच्या बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला. गाडीला तो ‘धवळी’ म्हणायचा, गाईला म्हणावं तसं.

चार वर्षांनी तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचं डावं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. स्टिअरिंग घट्ट धरता येई, मात्र दांडा ओढायला हात उलगडत नसे. गाडी विकायची भाषा सुरू झाली. त्याची बायको नानीबाई दोन दिवस सगळं ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी ती गाडीत सीटच्या मधोमध येऊन बसली.

“तुमी पायानं क्लच दाबा,” ती म्हणाली. “दांडा मी ओढते.”

पहिला आठवडा मी काय भोगलं, ते माझं मला ठाऊक. करकर, खरखर, कधी दोनाच्या जागी चार! पण नानीबाई शिकली. मोहनसिंग क्लच दाबून हळूच म्हणायचा, “दोन.” तिच्या कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या खणकायच्या आणि मी अलगद दुसऱ्यावर यायचो. डॉक्टरांच्या ड्रायव्हरनेही मला इतक्या मायेने कधी हाताळलं नव्हतं.

ही गोष्ट दोघांनी कुणाला कळू दिली नाही. गाडी एकाच्या पायाने आणि दुसरीच्या हाताने चालते म्हटल्यावर तिच्यात बसलं कोण असतं? नानीबाई दांड्यावरून पदर सोडायची. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, “काय मोहनसिंग, बायकोला जरा घरी ठेवत जा की!” नानीबाई नुसती हसायची आणि पदराआड तिसरा टाकायची.

आठ वर्षं अशी गेली. इंजिन मात्र थकलं. तांड्यातून निघालं की ओढा आणि ओढ्यानंतर खडा चढ होता. तिथे आता सगळ्यांना उतरून चालावं लागे. एकदा शेजारची संगिता अडली होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. त्या चढाला धवळी थांबली ती थांबलीच. कळा येत असताना संगिता तो चढ पायी चढली, नानीबाईच्या गळ्यात हात टाकून. बाळ सुखरूप झालं, पण मोहनसिंग घरी येऊन जेवला नाही.

तो गाडी घेऊन फाट्यावर आला. उकंडराव मिस्त्रींकडे एका उलटलेल्या जीपचं टर्बो डिझेल इंजिन पडलेलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा भरणारा पंखा. ताकद दांडगी. मिस्त्री म्हणाले, “इंजिन बसून जाईल. पण गिअरबॉक्स कोणता लावायचा, ते बोला.”

तीन होते. एक मी. दुसरा त्या जीपचाच, इंजिनाला बराबर जुळणारा आणि रेड्यासारखा मजबूत. तिसरा एका प्रवासी गाडीचा, पाच गिअरचा. त्या दोघांचे दांडे खालून, गाडीच्या तळातून यायचे.

“जुनाच ऱ्हाऊ द्या,” मोहनसिंग म्हणाला.

मी फुललो, खोटं कशाला बोलू? पण मिस्त्रींनी माझ्या तळाचं बूच काढलं आणि तेल हातावर घेतलं. त्यात पितळेचा चुरा चमकत होता. “हे बघ. हा आताच झिजून राहिला. टर्बोचा जोर आला की पयल्या चढालाच ह्याचे दात जातील. जीपचा घे.”

मोहनसिंगने जीपच्या गिअरबॉक्सचा दांडा हलवून पाहिला. चांगल्या हातालाही तो जड जात होता. त्याचा चेहरा उतरला. “मंग ऱ्हाऊ द्या इंजिन. न्हाई लागत.”

“काहून? चढाची तकलीफ तुलाच हाय ना?”

मोहनसिंग धवळीच्या बॉनेटवरची धूळ पुसू लागला. कारण सांगावं तर धंदा जातो, न सांगावं तर चढ तसाच राहतो. नानीबाई झाडाखाली बसून दोघांकडे पाहत होती. मला तोंड असतं तर मीच ओरडून सांगितलं असतं.

मिस्त्री चिडून माझा दांडा खोलायला बसले आणि थांबले. दांड्याच्या डाव्या कडेवर, ड्रायव्हरच्या उलट्या बाजूला, बारीक बारीक ओरखडे होते. शेकडो. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग मोहनसिंगच्या वाकड्या कोपराकडे पाहिलं आणि मग नानीबाईच्या बांगड्यांकडे. गॅरेजमधल्या दोन्ही कारागिरांना त्यांनी चहा आणायला पाठवलं.

“वैनी, इकडं या.”

त्यांनी दुसरे दोन्ही गिअरबॉक्स विटांवर मांडले आणि नानीबाईला शेजारी स्टुलावर बसवलं. “टाकून बघा.”

नानीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने जीपचा दांडा धरला. दोन्ही हात लावले, दात-ओठ खाल्ले, तेव्हा कुठे तो हलला. मग पाच गिअरवाल्याचा धरला. एक, दोन, तीन. बांगड्या खणकल्या. टुक, टुक, टुक.

“ह्यो गुणी हाय,” ती म्हणाली.

“जोर सोसंल का त्यो?” मोहनसिंगने विचारलं.

“सोसंल. वजनदार गाडीचा हाय, दात रुंद हायेत. इंजिनाला सरळ बसत न्हाई, मधी लोखंडी कडं कातून घ्यावं लागंल. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्टबी कापावा लागंल. ते माझं काम.” मिस्त्री उठले. “आन् सीट मधून फाडावी लागंल. वैनी, तुमी थोडं डाव्या अंगाला सरका. सवय होईल.”

काम आठ दिवस चाललं. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी नवा दांडा लालभडक तापवला आणि चार बोटं डावीकडे वाकवला. एक कारागीर हसला, “मिस्त्री, ड्रायव्हर तर उजवीकडं बसतोय!”

“चूक झाली,” उकंडराव म्हणाले. “आता ऱ्हाऊ दे तसाच.”

एवढा पक्का मिस्त्री त्या दिवशी तेवढं एकच खोटं बोलला.

गाडी निघताना मी फळीवर होतो. माझ्याशिवाय ती चालणार, याचं मला वाईट वाटलं. नानीबाई उतरून आत आली. पदराच्या गाठीतली चिमूटभर हळद तिने माझ्या तेलकट कपाळावर लावली. “लई वढलंस रे लेकरा,” ती म्हणाली. “आता बस निवांत.” मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं नाही.

आता म्हाताऱ्या यंत्राची एक विनवणी. तेल वेळेवर बदला, म्हणजे दात टिकतात. आणि काही निवडताना नुसता जोर बघू नका; ते ज्याच्या हाताला लागणार, तो हात आधी बघा. त्या हाताचं गुपित कळलं, तर ते पोटात ठेवा.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. धवळी अजून या रस्त्याने जाते. फाट्याजवळ वेग कमी करताना तिचा आवाज क्षणभर थांबतो, एका शब्दापुरता, आणि मग गिअर अलगद पडतो. इतरांना ते ऐकू येत नाही. उकंडराव मात्र हातातला पाना थांबवतात, माझ्याकडे बघतात आणि हळूच म्हणतात, “दोन.”