फुलीच्या जागी सही

वकीलसाहेबांच्या कार्यालयाची एक रीत होती. टायपिस्टबाईंनी कागद टाइप करायचा, सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायची आणि साहेबांनी फुली दिसेल तिथे सही ठोकायची. वाचायची भानगड नाही. बावीस वर्षांत या रीतीने एकदाही दगा दिला नव्हता, आणि त्याचं श्रेय साहेब स्वतःच्या नजरेला देत.

मानवी हक्कांच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी नावं मागवली होती. साहेबांनी मागची दोन वर्षं मित्रांकरवी आपलंच नाव पाठवलं होतं, पण पदरी काही पडलं नव्हतं. यंदा त्यांनी बाईंना सांगितलं, की अर्ज तुम्हीच भरा, शिफारस परगावच्या वकीलमित्राची घेऊ, उमेदवार म्हणून माझी संमती लागेल तिथे फुली मारा आणि शुक्रवारी पाठवून द्या. कौतुकात हात आखडता घेऊ नका, असंही वर बजावलं.

बाईंनी पदव्या, परिषदा, भाषणं असं पहिलं पान भराभर भरलं. दुसऱ्या पानावर घोडं अडलं. तिथे विचारलं होतं, उमेदवाराने स्वतः काय काम केलं, ते तारखा आणि पुराव्यांसह लिहा. बाईंनी कपाट उघडून सुटलेल्या नऊ कैद्यांच्या फायली काढल्या. प्रत्येक फाईलमध्ये पहिला कागद एकाच वहीतल्या पानाची झेरॉक्स होता. ती वही शिंपीणकाकूंची.

काकूंचं दुकान कार्यालयाच्या जिन्याखालीच होतं. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाला चौकशीला म्हणून नेलं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून दर मंगळवारी त्या मशीनवर कापड झाकून तुरुंगाच्या फाटकावर जात. अशी नेलेली जेवढी माणसं कळतील, त्यांची नावं वहीत. एकेक नाव मोठ्याने वाचायचं, हा माणूस आत आहे का म्हणून विचारायचं, पहारेकऱ्याचं हो किंवा नाही लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. पहारेकरी वैतागून, न वाचताच सही करून मोकळा होई. एका मंगळवारी 'हो' असलेला माणूस पुढच्या मंगळवारी 'नाही' झाला, की तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना कोर्टात तोंड लपवायला जागा उरत नसे. साहेब कोर्टात बोलत छान, यात वाद नाही. पण बोलायला लागे ते सगळं जिन्याखालून येई.

बाईंनी साहेबांचा अर्ज खणात टाकला आणि कोरा घेऊन खाली गेल्या. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यात माझ्या भावाचं नाव येईल?"

काम का सुरू केलं, असा एक प्रश्न आहे, तिथे येईल, असं बाई म्हणाल्या.

"मग लिही."

लिहिताना बाईंचा हात चालला, पण शुक्रवारी पाचावर धारण बसली. निवृत्तीला सात महिने राहिले होते. या वयात नोकरी गेली तर कोण दारात उभं करणार? तरीही त्यांनी शिफारस करणाऱ्याच्या जागी फुली मारली. साहेब फोनवर कुणाला तरी कायद्याचं राज्य समजावत होते. त्यांनी फुली पाहिली, सही ठोकली.

तीन आठवड्यांनी पुरस्कार समितीचं पत्र आलं. आपलं काम ज्या व्यक्तीच्या कष्टांवर उभं आहे तिचं नाव पुढे करणारा वकील विरळाच, असं म्हणून त्यांनी साहेबांचे आभार मानले होते. पत्राची प्रत वकील संघटनेकडेही गेली, आणि साहेबांनी आपलं पाकीट फोडायच्या आत अध्यक्षांनी ती भर सभेत वाचून दाखवली. टाळ्या थांबेनात. साहेबांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. शेवटी त्यांनी विनम्रतेवर वीस मिनिटं भाषण केलं.

कार्यालयात परतल्यावर त्यांनी दार लावून अर्जाची स्थळप्रत मागवली आणि चारही पानं बोट फिरवत वाचली. बाई उभ्याच होत्या.

"तुम्ही मला फसवलंत," साहेब म्हणाले.

"हो. सांगायला हवं होतं. पण यातलं खोटं काय आहे, तेवढं दाखवा."

साहेबांनी पुन्हा दुसरं पान काढलं. त्यावरच्या तारखा एकेक करून तपासल्या. बाईंना वाटलं, आता घरी जा म्हणणार. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, की काकू मंगळवारी किती वाजता निघतात.

मंगळवारी तिघंही फाटकावर गेली. काकूंनी वही साहेबांच्या हातात दिली. मोठ्याने वाचा, आतपर्यंत गेलं पाहिजे, असं बजावलं. पहिलं नाव भावाचं होतं. साहेबांनी कोर्टातला आवाज लावला. पहारेकरी सोळा वर्षांच्या सवयीने "नाही" म्हणाला आणि रस्त्याकडे बघतच सहीसाठी पेन टेकवायला गेला.

साहेबांनी वही मागे ओढली.

"आधी वाचा," ते म्हणाले, "मग सही करा."

पहारेकऱ्याने वही जवळ घेतली आणि ते नाव पहिल्यांदा वाचलं.