न फुटलेली काच

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत रांग लागली होती. या जिन्यावर एका वेळी चौघांहून जास्त माणसांनी उभं राहू नये, अशी नगरपालिकेची पाटी होती. त्या दिवशी जिन्यावर साठेक माणसं होती आणि पाटीवर कुणीतरी पिशवी अडकवली होती. सगळे एक काच पाहायला आले होते. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, खिडकीला असते तसली साधी काच. ती फुटली नव्हती. चमत्कार एवढाच.

इमारत चार मजली, कुटुंबं बावीस. तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई सासूबाईंसोबत राहायची. तिच्या मागच्या खोलीच्या भिंतीला उभा तडा गेला होता. पालिकेच्या इमारत खात्याने त्या तड्यावर आडवी काच ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली. भिंत हलली की तडा रुंदावतो, काच फुटते. आणि काच फुटली की इमारत रिकामी करायची, असा नियम. पहिली काच महिनाभरात फुटली. खात्याने दुसरी लावली. तीही फुटली. मग खात्याने बराच विचार करून तिसरी, जाड काच लावली. तीसुद्धा फुटली.

खात्याची अडचण समजण्यासारखी होती. इमारत रिकामी करायची तर माणसांना संक्रमण शिबिरात जागा द्यावी लागते, आणि शिबिरात नऊ वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी आलेली माणसं अजून राहत होती. रहिवाशांनाही घर सोडायचं नव्हतं. अशा वेळी, खचलेल्या इमारतींना मंत्राने टेकू देतो म्हणणारे टेकूबाबा अवतरले.

बाबांनी तड्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. "भिंत रुसलीय," ते म्हणाले. "तिच्यात खिळे ठोकलेत, तिला पाठ टेकून बसलात, पण कधी विचारलंत का, बाई गं, तुझं काय दुखतंय?" सगळ्यांच्या माना खाली गेल्या. भिंतीची चौकशी खरंच कुणी केली नव्हती. मग बाबांनी चौथी काच स्वतःच्या हाताने बसवली, स्वतःच्या मंतरलेल्या लेपाने. अट एकच: लेपाला कुणी बोट लावायचं नाही. "संशयाचं बोट लागलं की शक्ती गळते."

बाबांनी खाली अंगणात आसन मांडलं आणि दहा आठवडे काच जशीच्या तशी राहिली. इमारत खात्याचे साहेब दर सोमवारी येत, उंबऱ्यातून पाहत आणि कागदावर लिहीत, 'काच शाबूत. निरीक्षण चालू ठेवावे.' आणखी दोन धोकादायक इमारतींसाठी त्यांनी बाबांना शब्द टाकला होता, असंही बोललं जाई. काचेच्या जितकं जवळ तितकं रक्षण जास्त, असं बाबांनी सांगितल्यापासून सासूबाईंनी आपली खाट थेट तड्याखाली ओढून घेतली होती.

त्या सोमवारी रांगेतून वाट काढत सुतार वर आला. त्याला चमत्काराशी देणंघेणं नव्हतं. मागच्या खोलीचं दार पुन्हा अडकत होतं, म्हणून सुनेने बोलावलं होतं.

"पुन्हा?" त्याने रंधा काढला. "वहिनी, दोन महिन्यांत ही चौथी वेळ. आता हे दार राहिलंय किती?"

"लाकूड फुगत असेल," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

"आजी, फुगलेलं लाकूड सगळीकडून घासतं. हे वरच्या एकाच कोपऱ्यात घासतंय. मी कोपरा तासतो, आठ दिवसांत पुन्हा घासतं." त्याने पिशवीतून ओळंबा काढला आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून सोडला. दोरीने खाली लटकलेलं वजन चौकटीपासून चांगलं बोटभर दूर राहिलं. "दाराला काही झालेलं नाही. चौकट कलंडलीय. आणि चौकट बसलीय भिंतीत."

"म्हणजे भिंत हलतेय?" सुनेने विचारलं.

"हलतेय. तुम्ही खाली बाबांना हात जोडता आणि वर मला बोलावता. एकाच भिंतीची दोघांकडून दोन उत्तरं घेता."

"मग काच का नाही फुटली रे शहाण्या?" सासूबाई उसळल्या.

सुताराने ओळंब्याची दोरी गुंडाळत काचेकडे पाहिलं. "भिंत हलली आणि काच फुटली नाही, तर काच भिंतीला चिकटलेलीच नसणार."

खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी बाबांना बोलवायला धावलं. सोमवार असल्याने साहेब उंबऱ्यात होतेच.

"बोट लावायचं नाही हं!" सासूबाईंनी बजावलं.

"बोट नाही लावत," सून म्हणाली. तिने पदराला टोचलेली सुई काढली आणि काचेच्या उजव्या टोकाच्या लेपावर टेकवली. सुई वाकली. डाव्या टोकावर टेकवली, तर नेढ्यापर्यंत आत गेली.

सुतार जवळ गेला, वास घेतला आणि हसला. "हे लुकण आहे. खिडक्यांना काचा बसवताना मी रोज मळतो. खडूची भुकटी आणि तेल. तेल वारेमाप घातलं की महिनोन् महिने ओलं राहतं. वरून सिमेंट भुरभुरलं की झालं. एक टोक पक्कं, दुसरं लोण्यात. भिंत सरकली की काच नुसती बाहेर ओढली जाते. फुटणार कशी?"

त्याने रंध्याच्या पात्याने वरचा थर अलगद खरवडला. काचेचं टोक जिथे मुळात होतं, तिथपासून आत्ता होतं तिथपर्यंत लेपात गुळगुळीत खाच पडली होती. जिन्यातल्या साठ माणसांच्या वजनाखाली, सासूबाईंच्या उशाशी, भिंत दहा आठवड्यांत बोटभर उघडली होती.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी खाच पाहिली, सुई पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? भिंत एवढी हलली, तरी काच फुटली नाही! याला म्हणतात कृपा!"

आणि खरं सांगायचं तर जिन्यातून जयजयकार झालासुद्धा.

साहेबांनी पेन काढलं. "तांत्रिकदृष्ट्या काच शाबूत आहे," ते पुटपुटले.

सासूबाई मात्र खाटेवर उठून बसल्या होत्या. त्या खाचेकडे बघत होत्या. मग त्यांनी खाटेवर बाजूला सरकून जागा केली. "बाबा, या. बसा इथे."

"माझं आसन खाली अंगणात आहे, आई."

"माहीत आहे. दहा आठवड्यांत तुम्ही या छपराखाली बूड टेकलेलं मी पाहिलं नाही. आज टेका. संध्याकाळपर्यंत आपण दोघं गप्पा मारू."

"आज माझं मौन आहे," बाबा म्हणाले.

"आत्तापर्यंत तर चांगले बोलत होता! बरं, साहेब, तुम्ही या."

साहेब उंबऱ्यातून एक पाऊल मागे सरकले. सासूबाईंनी दोघांकडे पाहून घेतलं आणि हात पुढे केला. "सूनबाई, धर गं मला. तुझं शिवणाचं मशीन सुतार आणेल. आणि साहेब, त्या कागदावर काय लिहायचं ते खाली उतरून, उघड्यावर, माझ्यासमोर लिहा."

साहेबांनी लिहिलं. सायंकाळपर्यंत बावीस कुटुंबं पालिकेच्या शाळेच्या सभागृहात होती. दहा आठवडे कुठेच नसलेली जागा पाऊण तासात सापडली, हा त्या दिवसाचा दुसरा चमत्कार. त्याचं दर्शन घ्यायला मात्र रांग लागली नाही. बाबा त्या गर्दीत कधी निघून गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही.

इमारत पडली का, असं सगळे विचारतात. नाही पडली. महिनाभराने पालिकेनेच मजूर लावून वरपासून खालपर्यंत उतरवली. 'बघा, बाबांची काच होती म्हणून पडली नाही,' असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक काम करावं. तड्यावरची काच भिंत सावरायला नसते, भिंत काय करतेय ते कळवायला असते. तिला हात लावू नका असं जो सांगेल, त्याच्यासमोरच हात लावून पाहावा. काच नसेल तर तड्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढावी, शेजारी तारीख आणि फटीची रुंदी लिहावी आणि पुढच्या महिन्यात रेघेचे दोन तुकडे जुळतात का, मधली फट तेवढीच आहे का ते बघावं. तुकडे जुळले नाहीत किंवा फट वाढली, तर इमारत खात्यात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि उत्तराची वाट त्या भिंतीखाली बसून पाहू नये.