माझ्या आगीला नरक म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे, पावाची. अंगाने विटांची आणि तोंडाने फटकळ. मला बांधणाऱ्या गवंड्याने एकेक वीट वाजवून घेतली होती. हल्लीच्या पत्र्याच्या पेट्या बटण दाबले की तापतात आणि रुसल्या की दुकान बंद! मी कधी रुसले नाही. या गल्लीतली पोरे माझ्या पावावर वाढून बाप झाली. कौतुक पुष्कळ झाले, आणि मीही ते नको म्हटले नाही.

पण एकदा मी थंड पडले. दोष माझा नव्हता.

मालकिणीचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. चर्चमध्ये प्रार्थनेला जाणे त्याने केव्हाच सोडले होते. त्याला माती देऊन सगळे परतले, तेव्हा तिची नणंद माझ्यासमोरच म्हणाली, “वहिनी, आता रडून काय उपयोग? देवाला विसरला, नरकाच्या आगीत जळतोय.” मला दात असते तर चावलेच असते तिला.

त्यानंतर मालकीण सरपण रचायची, काडी ओढायची आणि ज्योत दिसताच फुंकून टाकायची. तिला आगीत पोर दिसायचे. दुकान बंद पडले. माझ्या पोटात मांजर व्यायली!

समोरच्या माडीवर जुन्या भाषांचे मास्तर राहत. पाव का मिळत नाही, हे विचारायला ते आले, तर मालकिणीनेच त्यांना विचारले, “मास्तर, माझं पोर जळतंय का? गोड बोलू नका.”

“गोड बोलता आलं असतं तर माझं लग्न नसतं का झालं?” असे म्हणत ते पिठाच्या पोत्यावर बसले.

काय तो माणूस! एवढे शिकलेला, पण आईशी बोलावे तसा बोलला. मालकिणीच्या धर्मग्रंथाच्या जुन्या भागात, म्हणजे यहुद्यांच्या सर्वांत जुन्या लिखाणात, मेलेले सगळेच शिओलात जातात, राजा काय नि हमाल काय. ती जमिनीखालची अंधारी, गप्प जागा. तिथे आग नाही. आगीचा तो गेहेन्ना. मुळात ती यहुद्यांच्या राजधानीबाहेरची एक दरी. तिथे लोकांनी आपलीच लेकरे खोट्या देवांपुढे जाळली, म्हणून संदेष्ट्यांनी तिला शाप दिला. पुढे पापाच्या शिक्षेला तिचेच नाव पडले.

“म्हणजे शिक्षा आहेच की!”

“आहे. पुस्तकातली आग मी पुसणार नाही,” मास्तर म्हणाले. “पण तिचा अर्थ काय, यावर जाणते अजून भांडतात. कोणी म्हणतात कायमची, कोणी म्हणतात जाळून संपवणारी. यहुद्यांचे जुने गुरू तर म्हणायचे, बहुतेकांना फार तर वर्षभर, मळ जाईपर्यंत. आणि तिथे कोण गेलं, हे देवाने तुमच्या नणंदेला कळवलेलं नाही.”

मग त्यांनी त्याच ग्रंथातल्या एका म्हाताऱ्या बापाचे सांगितले. लाडका लेक मेला असे कळल्यावर तो म्हणतो, मीही रडत शिओलात उतरेन, त्याच्याजवळ. “ती छळाची जागा असती, तर आपलं गुणी पोर तिथे आहे असं बाप म्हणाला असता का?”

मालकिणीने विचारले, “सगळेच तिथे?”

“त्या लिखाणाप्रमाणे, सगळेच.”

“मग त्याचे वडीलही असतील. भांडत असतील दोघं.” ती रडता रडता हसली. तिने पिल्ले टोपलीत उचलून ठेवली, मला झाडले आणि काडी ओढली. या वेळी फुंकली नाही.

पहिला पाव मास्तरांना मिळाला. नणंदेला करपलेला. मी मुद्दाम केले असे लोक म्हणतात, म्हणू देत.

मित्रांनो, आग कशासाठी असते ते मला विचारा. कोणाच्या घरचे माणूस गेले, तर त्याचा नरकातला पत्ता सांगायला जाऊ नका. पाव घेऊन जा. गरम असेल तर बरे.