समोरच्याच्या हातात

पहिला सेट कुंदा हरली तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. धुळ्याच्या क्लबाचं कोर्ट, समोर तिथल्या वकिलांची मुलगी लता, आणि जी जिंकेल तिला पुण्याच्या स्पर्धेला पाठवणार. माझी पोर लतापेक्षा चपळ, तिचा हातही जास्त जड. तरी बाई प्रत्येक चेंडू नेऊन लताच्या पुढ्यात टाकत होती. डावी बाजू उघडी पडली तरी तिथं मारायचं नाव नाही. मी कुंपणाशी उभा राहून दातओठ खात होतो.

जळगावच्या क्लबात मी मार्कर. म्हणजे साहेब लोकांना टेनिस शिकवणारा आणि त्यांच्याशी खेळणारा. या नोकरीतली मेख अशी, की चेंडू अलगद साहेबांच्या रॅकेटवर आणून द्यायचा, त्यांना दणदणीत फटके मारू द्यायचे, आणि शेवटी थोडक्यात हरायचं. इंग्रज गेले, आपले साहेब आले, माझं हरणं काही थांबलं नाही. कुंदा लहानपणापासून कोर्टाबाहेर बसून ते बघायची. पुढं साहेब यायच्या आधी, सकाळी सकाळी, मी तिलाही शिकवू लागलो.

दुसऱ्या सेटमध्येही ती मागे पडली. एकदा लता घसरली, कशीबशी सावरली, आणि सगळं कोर्ट मोकळं असताना कुंदानं चेंडू हळूच तिच्याच हातात दिला. तिचं मनगट वळलं ते मी पाहिलं. साहेबांना चेंडू देताना माझं मनगट अगदी तसंच वळतं.

बाजू बदलताना ती पाणी प्यायला आली. बोलायला तेवढाच वेळ होता.

"तिच्या हातात कायले देते चेंडू?"

"मंग कुठे देऊ, आबा? तुम्ही तं असंच खेळता."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मग पोर हरली असती.

"मी मुद्दाम हरतो," मी म्हणालो. "साहेब खूश राह्यले पाहिजे म्हनून. तू ती नही तिथं मार."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "तुम्ही हरले का मी घरी जाऊन रडायची. मले वाटे, तुमाले येतच नही."

पंचांनी हाक मारली. ती पदर खोचून निघून गेली.

पहिला चेंडू तिनं बाहेर घालवला, दुसरा जाळीत. लोक लतासाठी टाळ्या पिटू लागले. तिसरा मात्र डाव्या कोपऱ्यात असा सुटला की लता जागची हललीच नाही. मग कुंदा थांबेना. तिचा राग लतावर नव्हता, हे तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. दुसरा सेट तिनं ओढून आणला. तिसऱ्यात शेवटपर्यंत दोघी बरोबरीत, आणि मी कुंपणाची तार हाताला रुतेस्तोवर धरून ठेवलेली.

शेवटचा फटकाही लता नव्हती तिथंच पडला, आणि पोर जिंकली.

कुंदा सरळ माझ्याकडे आली. मी टॉवेल पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"उद्या सकाळी माझ्यासंगे खेळा," ती म्हणाली. "खरं खेळा."

मी 'बरं' म्हणालो. आनंद पोटात मावत नव्हता. पण खरं खेळून इतकी वर्षं झाली होती, की आता मला येतं की नाही, हे माझं मलाच माहीत नव्हतं.