तहानलेला म्हसोबा

फुलंब्रीच्या पुढं टेकडीवर एक म्हसोबा आहे. त्याला कोंबडं-बकरं चालत नाही. मुक्ताबाई रोज आंघोळ करून तिथं जात, आधी तांब्याभर पाणी घालत, मग दिवा लावत. त्याशिवाय तोंडात घास नाही. पाणी आधी का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मागणं मात्र गावाला ठाऊक होतं: राजेंद्र परत येऊ दे.

राजेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा. ट्रक घेऊन गेला तो गेलाच. ट्रक परराज्यातल्या घाटात रिकामा उभा सापडला. बारा वर्षं उलटली तसे गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, जिवाला गती मिळते. मुक्ताबाईंनी त्यांना चहा दिला आणि तो विषय पुन्हा काढू दिला नाही. सून रूपा रोज कुंकू लावी, पण आरशात फार वेळ बघत नसे.

मार्गशीर्षात इंद्रजीत परदेशी पाहुणे घेऊन आला. तो दिराचा मुलगा, फर्दापूरला राहून लेणी दाखवायचं काम करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरावाला निघालेली दोन बॉम्बफेकी विमानं या टेकडीवर एकमेकांवर आदळली होती. ज्वारीत जळते तुकडे पडले, माणसंही पडली. फौजेनं प्रेतं नेली, पण एक जण कमी भरला. त्याचा पुतण्या, आता स्वतःच काठी टेकत चालणारा, काकाची हाडं शोधत आला होता.

लोखंड हुडकणारं यंत्र म्हसोबापाशी किंचाळायला लागलं. इंद्रजीतनं समजावलं की हे देवाचं ठिकाण, लोक पिढ्यान्‌पिढ्या इथं नाणी, घंटा, त्रिशूळ वाहतात, ते वाजणारच. पाहुण्यांनी बूट काढून हात जोडले आणि लांबून वळसा घातला. मुक्ताबाई तांब्या घेऊन तिथंच उभ्या होत्या.

त्यांच्या सासूबाई, साळूबाई, शेवटच्या दुखण्यात मुक्ताबाईंपाशी एकदाच बोलल्या होत्या. विमानं पडली तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. लोकांनी विमानाचा पत्रा पळवला, त्याच्या पराती आणि तांबे घडवले. फौज झडतीला आली, माणसं गुरासारखी बडवली. फौज गेल्यावर साळूबाईंना ओढ्यात तो दिसला. कोवळं पोर, दोन्ही पाय मोडलेले, तोंडाकडं बोट करत होतं. कळवावं तर पुन्हा झडती, आणि पत्रा चुलीमागं पुरलेला. साळूबाई पाणी न्यायला निघाल्या, तर सासऱ्यानं त्यांना खोलीत कोंडलं. सकाळी सुटल्यावर त्या पाणी घेऊन पळाल्या, तोवर सगळं संपलं होतं. सासऱ्यानं पोराला टेकडीवर पुरलं, वर इंजिनाचा तुकडा रोवला आणि शेंदूर फासला. शेंदराला कुणी कुदळ लावत नाही.

दुपारी पाहुणे मुक्ताबाईंच्या ओट्यावर टेकले. उद्या परत जायचं होतं. पुतण्या आपल्या आजीबद्दल, त्या पोराच्या आईबद्दल, सांगत होता आणि इंद्रजीत मराठीत बोलत होता. आजीनं मरेपर्यंत पोराचं नाव घराण्याच्या थडग्यावर कोरू दिलं नाही.

"ती म्हणायची, नाव कोरलं की मीच त्याला मारल्यासारखं व्हईल."

आत पीठ मळणारा रूपाचा हात थांबला. मुक्ताबाईंनी मळण्याचा आवाज बंद झालेला ऐकला.

"इंदर," त्या म्हणाल्या, "त्यांला म्हणावं, टेकडीवर म्हसोबा न्हाय. त्यांचा माणूस हाय."

इंद्रजीत कसनुसा हसला. "काकू, लई उपास झालेत तुमचे. मग इतकी वर्षं दिवा कुणाला लावला?"

"त्यालाच."

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंचनामा झाला, पण शेंदराला हात लावायला गावातलं कुणी पुढं होईना. शेजारच्या दगडाबाईनं तर तोंडावर सुनावलं, की स्वतःचं पोर गेलं म्हणून गावाचा देव उपटायला निघाली. मुक्ताबाईंनी पदर खोचला आणि एकटीनं खरवडायला घेतलं. भाकरीएवढ्या जाड खपल्या निघाल्या. आत काळं लोखंड. त्याखाली खोदल्यावर बक्कल, बुटाचा तळ आणि मधोमध मोडलेली पायाची हाडं.

म्हाताऱ्या पुतण्यानं विचारलं, कसा गेला? इंद्रजीतनं काकूंकडं पाहिलं.

"समदं सांग. पान्याचंबी सांग."

त्यानं सांगितलं. मुक्ताबाईंनी खड्ड्यात शेवटचं पाणी घातलं, तेव्हा म्हातारा त्यांच्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिला. हलका, पांढुरका, हातानं ठोकलेला. त्याला उमगलं. त्यानं नमस्कार केला नाही. वस्तीवर आल्यावर रूपानं पाणी पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही.

हाडांची पेटी घेऊन गाड्या गेल्या. दिवसभर मुक्ताबाईंच्या पोटात काही नव्हतं. तेल घातलेला सकाळचा दिवा कोनाड्यात तसाच होता. रूपानं विचारलं, "आत्या, कुठं लावू?"

ज्याच्यापाशी त्या लेक मागत होत्या, तो स्वतःच कुणाचा तरी न सापडलेला लेक होता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मागत राहिल्या.

"दक्षिणेकडं तोंड करून ठेव," त्या म्हणाल्या. "आन् सकाळी गुरुजींकडं जाऊन ये. दर्भ आणायला सांग."

रूपानं दिवा लावला. रडली नाही. मग हळूच ताट वाढून सासूपुढं ठेवलं आणि बाजूला बसून राहिली.